एडनची वचने

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा शहाजीराजांच्या बेंगळुरूतील वास्तव्यावर लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयावर अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिलेले आहे. बी. ए.ला घेतलेला इतिहास हा विषय, एवढेच माझे भांडवल. पुढचे सारे आयुष्य केंद्र सरकारच्या सेवेत फायलींच्या सहवासात गेले. अशा माणसाला इतिहासाच्या पानांतही रणांगणापेक्षा कचेरीच अधिक दिसू लागते, हा दोष म्हणा वा सवय म्हणा, माझ्या अंगी जडला आहे. म्हणून कचेऱ्यांनी दिलेल्या वचनांची आणि ती वचने ज्यांना भोवली त्या माणसांची ही एक हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे. ती पहिल्या महायुद्धाच्या काळातील असून स्थळ आहे एडन.

एडन हे नाव मराठी माणसाला परके नाही. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके जुलै १८७९ मध्ये देवर नावदगी येथे, म्हणजे आपण आज ज्या राज्यात राहतो त्या कर्नाटकाच्या विजापूर भागात, इंग्रजांच्या हाती लागले. जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांची रवानगी एडनला झाली. ऑक्टोबर १८८० मध्ये कोठडीचे दार उखडून ते निसटले, पण पुन्हा पकडले गेले. आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्याच तुरुंगात त्यांनी देह ठेवला. ही कथा आपण सर्वांनी शाळेत वाचली. पण मुंबई इलाख्यातील एका बंडखोराला थेट अरबस्तानात का नेले, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही. त्याचे उत्तर साधे आहे. एडन त्या काळी मुंबई इलाख्याचाच एक भाग होते.

१९ जानेवारी १८३९ रोजी कॅप्टन हेन्स या अधिकाऱ्याने मुंबईहून आलेल्या आरमाराच्या आणि पलटणींच्या बळावर एडन घेतले. तेव्हापासून १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई सरकारच्या कक्षेत होता. नंतर पाच वर्षे ते हिंदुस्थान सरकारच्या थेट अमलाखाली राहिले आणि १ एप्रिल १९३७ रोजी हिंदुस्थानापासून वेगळे होऊन ब्रिटिश वसाहत बनले. जवळपास शंभर वर्षे एडनच्या बाजारात आपला रुपया चालला, टपालावर हिंदुस्थानची तिकिटे लागली आणि तेथील कागदपत्रे निर्णयासाठी मुंबईस येत राहिली.

ज्याने एडन घेतले त्या हेन्सची गत काय झाली, हे सरकारी नोकरांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. पंधरा वर्षे त्याने तेथे राज्यकारभार पाहिला. १८५४ मध्ये तिजोरीच्या हिशेबात मोठी तूट निघाली. मुंबईत खटला झाला. अपहाराच्या आरोपातून पंचांनी त्याला निर्दोष सोडले, पण तुटीची रक्कम देणे म्हणून त्याच्या माथी कायम राहिली. ती फेडता न आल्याने तो मुंबईच्या तुरुंगात सुमारे सहा वर्षे खितपत पडला. १८६० मध्ये सुटका झाली आणि अवघ्या काही दिवसांत मुंबई बंदरातच तो मरण पावला. तिजोरीतील पैसा टोळ्यांच्या शेखांना देणग्या देण्यात किती गेला आणि अन्यत्र किती, याचा मेळ सरकारी वहीत कधी बसला नाही. एडनचा कारभार तेव्हाही अशा देण्याघेण्यावरच चालत होता.

एडन म्हणजे ज्वालामुखीच्या खडकांनी वेढलेले एक बंदर. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर आगबोटींना कोळसा पुरविणारे ठाणे म्हणून त्याला फार मोठे महत्त्व आले. पण या खडकावर ना धान्य पिकत होते, ना पुरेसे पाणी होते. पाणी येई ते शेख उस्मान या जवळच्या गावच्या विहिरींतून. भाजीपाला, चारा आणि उंटांचे तांडे येत ते लहेजच्या हिरव्या पट्ट्यातून, सुमारे २५ मैलांवरून. लहेज ही अब्दली टोळीच्या सुलतानाची राजधानी. तिच्या पलीकडे फदली, हौशबी, अमीरी, याफई, सुबैही, औलकी अशा टोळ्यांचा मुलूख. या सर्वांशी इंग्रजांनी एकेक करून करार केले. शेखाला वा सुलतानाला ठरलेला तनखा, बंदुका, दरबारात मान आणि बड्यांना तोफांची सलामी. त्या बदल्यात त्यांनी वाटा सुरक्षित ठेवायच्या आणि दुसऱ्या कोणत्याही परकीय सत्तेशी संबंध ठेवायचा नाही. त्याबरोबर इंग्रज सरकारचे संरक्षण मिळेल, असे आश्वासन. या टोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची वैरे होती. पण प्रत्येकीचा करारनामा वेगळा, तनखा वेगळा आणि फाईलही वेगळी. सर्वांत जवळचा आणि सर्वांत विश्वासू मित्र मानला जाई तो लहेजचा सुलतान. शेख उस्मानची जमीनसुद्धा इंग्रजांना १८८२ मध्ये त्याच घराण्याने विकली होती.

१९१४ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले. येमेनमध्ये तुर्कांचे सैन्य होतेच. आता अरबांना तुर्कांविरुद्ध उठवणे, निदान त्यांच्यापासून तोडणे, हे इंग्रजांच्या राजनीतीचे मुख्य सूत्र झाले. मात्र हे सूत्र एका हातात नव्हते. एडनचा रेसिडेंट मुंबईमार्फत हिंदुस्थान सरकारला लिहीत असे. इराणच्या आखाताकडील राजकीय अधिकारी सर पर्सी कॉक्स हेही हिंदुस्थान सरकारचे, पण त्यांचे ठाणे बसऱ्याला. तिसरी कचेरी कैरोची. तेथील हाय कमिशनर सर हेन्री मॅकमहोन थेट लंडनच्या परराष्ट्र खात्याला जबाबदार. या तिन्ही कचेऱ्यांनी आपापल्या दाराशी असलेला अरब राजा निवडला आणि त्याच्याशी मैत्री जोडली.

एडनने निवडला असीर प्रांताचा सय्यद महंमद अल इद्रीसी. कॉक्स यांनी निवडला नज्दचा अब्दुल अझीझ इब्न सऊद. त्याच्याशी २६ डिसेंबर १९१५ रोजी दारीन येथे तह झाला आणि पुढे त्याला दरमहा पाच हजार पौंड मिळू लागले. कैरोने निवडला मक्केचा शरीफ हुसेन. जुलै १९१५ पासून त्याच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला, जून १९१६ मध्ये त्याने तुर्कांविरुद्ध बंड पुकारले आणि त्याच्याकडे दरमहा सव्वा लाख व पुढे त्याहूनही अधिक पौंडांचा ओघ लागला. मेख अशी होती की, हे तिघे मित्र एकमेकांचे मित्र नव्हते. १९११ मध्ये तुर्कांच्या वतीने इद्रीसीवर चालून जाणारा सेनापती दुसरा तिसरा कोणी नसून हाच शरीफ हुसेन होता. त्याच्या आगेमागेच त्याने इब्न सऊदच्या भावाला कैद करून खंडणीच्या अटी घातल्या होत्या. शिवाय येमेनच्या डोंगरात सना शहराभोवती झैदी पंथाचा इमाम याह्या होता. १९११ मध्येच त्याने तुर्कांशी समेट केला होता आणि इद्रीसी हा त्याचा हाडवैरी.

एडनच्या कचेरीला इमामालाही दुखवायचे नव्हते. पण युद्धाला तोंड लागताच, नोव्हेंबर १९१४ मध्ये, हिंदुस्थानातून सुएझकडे निघालेल्या एका ब्रिगेडने वाटेत बाबेल मंदेबच्या सामुद्रधुनीवरील शेख सईद या तुर्की ठाण्यावर हल्ला करून तेथील तोफा निकामी केल्या व ती पुढे निघून गेली. लष्कराच्या दृष्टीने कामगिरी फत्ते झाली. परंतु ती भूमी आपली आहे असे इमाम समजत होता. त्याच्याशी सलोख्याच्या वाटाघाटी करणाऱ्या एडन कचेरीची यामुळे पंचाईत झाली. एका खात्याने लिहिलेले मैत्रीचे पत्र आणि दुसऱ्या खात्याने झाडलेला तोफगोळा एकाच पत्त्यावर जाऊन पडले.

३० एप्रिल १९१५ रोजी एडनचे रेसिडेंट मेजर जनरल शॉ यांनी इद्रीसीच्या वकिलाबरोबर तह केला. युद्धकाळात अरब राज्यकर्त्याशी इंग्रजांनी केलेला हा पहिला तह. शरीफ हुसेनशी पत्रव्यवहार सुरू होण्याच्याही आधीचा. इद्रीसीने तुर्कांशी लढावे, त्यांचा मुलूख जिंकून आपले राज्य वाढवावे. इंग्रजांनी त्याच्या किनाऱ्याचे समुद्राकडून रक्षण करावे, शस्त्रे व पैसा द्यावा. आणि इमाम याह्या जोवर तुर्कांना मिळत नाही, तोवर इद्रीसीने त्याची कळ काढू नये, असे त्यातील मुख्य मुद्दे. कागदावर हा तह निर्दोष दिसतो. दोन शत्रूंपैकी एकाला मित्र केले, दुसऱ्याला दुखवले नाही आणि तिसऱ्याविरुद्ध शस्त्र उचलले.

या तहानंतर सव्वादोन महिन्यांच्या आतच एडनच्या सर्वांत जुन्या मित्रावर संकट कोसळले. तुर्की सेनापती अली सईद पाशा डोंगर उतरून लहेजच्या रोखाने निघाला. वाटेवरच्या काही टोळ्या, ज्यांचे तनखे एडनच्या तिजोरीतून जात होते, त्याला मिळाल्या. लहेजचा सुलतान अली बिन अहमद याने एडनला वारंवार निरोप धाडून मदत मागितली. ती निघाली ती उशिरा आणि जुलैच्या भर उन्हाळ्यात. ब्रेकनॉकशायरची गोरी पलटण, मुंबई लष्कराच्या परंपरेतील १०९ वी पायदळ पलटण आणि काही तोफा, असे ते पथक ३ जुलैच्या रात्री शेख उस्मानहून निघाले. वाळवंटातील उष्म्याने शिपाई वाटेत कोसळू लागले. कित्येक उष्माघाताने दगावले. पाणी व दारूगोळा वाहणारे भाड्याचे उंटवाले अंधारात उंटांसह पसार झाले. जे सैनिक लहेजला पोहोचले, ते तहानेने व्याकूळ आणि थकव्याने अर्धमेले होते.

त्या रात्री लहेजमध्ये सर्वत्र गोंधळ माजला होता. कोण तुर्क, कोण अरब, कोण आपला, हे अंधारात उमगत नव्हते. आपल्या माणसांसह समोर आलेल्या सुलतान अलीला शत्रू समजून इंग्रजांच्याच सैन्यातील शिपायांनी गोळी घातली. काही दिवसांतच तो मरण पावला. ज्याच्या रक्षणासाठी सैन्य गेले, तो त्याच सैन्याच्या गोळीने गेला. दुसऱ्या दिवशी पथकाने माघार घेतली आणि लहेज तुर्कांच्या ताब्यात गेले. पाठोपाठ शेख उस्मानही गेले, म्हणजे एडनचे पाणीच शत्रूच्या हाती पडले. शेवटी इजिप्तहून जनरल यंगहजबंड यांच्या हाताखाली नवी ब्रिगेड आणून जुलैअखेर शेख उस्मान परत घेण्यात आले. लहेज मात्र सोडवले गेले नाही. मृत सुलतानाचा वारस अब्दुल करीम याने युद्धाची पुढची सारी वर्षे एडनमध्ये इंग्रजांचा पाहुणा म्हणून काढली. आणि २५ मैलांवर त्याच्या राजवाड्यात अली सईद पाशा ऑक्टोबर १९१८ मधील शस्त्रसंधीपर्यंत निवांत राहिला.

पहिल्या वचनाची ही कथा. दुसऱ्या वचनाची कसोटी वर्षभराने लागली. जुलै १९१६ मध्ये ब्रिटिश युद्धनौकांनी तांबड्या समुद्रावरील कुन्फुदा हे तुर्की बंदर घेतले आणि तेथे इद्रीसीचे निशाण लागले. तुर्कांचा मुलूख जिंकावा, हेच तर तहात लिहिले होते. पण एव्हाना कैरोचा मित्र शरीफ हुसेन बंडात उतरला होता आणि कुन्फुदा आपल्या हेजाझचे आहे, असा त्याचा दावा होता. दोन्ही मित्रांच्या हातात इंग्रजांच्याच बंदुका. तराजूत हुसेनचे पारडे जड होते, कारण मक्का त्याच्या ताब्यात होती. इंग्रजांनी इद्रीसीला निशाण उतरवून निघून जाण्यास सांगितले. तो नाइलाजाने निघाला. पण जिंकलेले गाव मित्राच्या सांगण्यावरून वैऱ्याला सोडावे लागल्याचा सल त्याच्या मनातून कधी गेला नाही. पुढे २२ जानेवारी १९१७ रोजी त्याच्याशी पुरवणी तह करून फरासान बेटांवरील त्याचा हक्क मान्य करण्यात आला.

हे वाचताना मला माझ्या नोकरीच्या आरंभीचा एक प्रसंग आठवतो. एका गावी बदली होऊन गेलो असता सरकारी निवासस्थानाचा आदेश माझ्या हाती पडला. पत्नी, लहान मूल आणि सामानाचा टेम्पो घेऊन दाराशी पोहोचलो, तो तेथे एक तमिळ सहकारी आपल्या कुटुंबासह उभे! त्यांच्याजवळही त्याच घराचा आदेश. दोन शाखांनी दोन आदेश काढले होते. दोन्हींवर सही होती, जावक क्रमांक होता आणि दोन्ही नियमानुसार होते. दोन्ही कुटुंबांनी ती रात्र व्हरांड्यात काढली. सकाळी निर्णय आला: ज्याचा हुद्दा लहान, त्याने दुसरीकडे सोय पाहावी. लहान हुद्दा माझा होता. मला राग आला तो त्या सहकाऱ्यांचा नव्हे आणि आदेश काढणाऱ्या कारकुनांचाही नव्हे. आपल्या बाबतीत कोणी खोटे बोलले नव्हते, तरीही आपण फसवले गेलो होतो. हा राग कोणावर काढावा, तेच कळेना. कुन्फुदाहून परतणाऱ्या इद्रीसीच्या मनात असेच काही आले असेल काय? फरक एवढाच की, माझे एका रात्रीचे हाल झाले. तिकडे राज्ये पणाला लागली होती.

इंग्रजांच्या या नीतीला कपट म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि काही ठिकाणी कपट होतेही. शरीफ हुसेनशी पत्रव्यवहार चालू असतानाच फ्रान्सबरोबर मे १९१६ मध्ये अरब प्रदेशाच्या वाटणीचा गुप्त करार झाला आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये पॅलेस्टाइनबाबत ज्यूंना वेगळे आश्वासन दिले गेले. पण एडनची कागदपत्रे पाहता माझ्यासारख्या कारकुनी नजरेला दुसरेच काही दिसते. प्रत्येक कचेरी आपल्या मित्राशी बहुधा प्रामाणिकच होती. मुंबई व दिल्लीला कैरोचा हुसेन रुचत नव्हता, कैरोला दिल्लीचा इब्न सऊद महत्त्वाचा वाटत नव्हता. सारे आदेश एकत्र ठेवून पाहणारे टेबलच कोठे नव्हते. त्यामुळे प्रत्येक वचन स्वतंत्रपणे खरे आणि सर्व मिळून खोटी, अशी अवस्था झाली.

आपणा मराठी माणसांना हा डाव नवा वाटू नये. बेंगळुरूच्या कृष्णराजेंद्र मार्केटजवळ जुन्या किल्ल्याचा जो भाग उरला आहे, तेथे तट फोडून इंग्रज २१ मार्च १७९१ रोजी आत शिरले. टिपूविरुद्धच्या त्या युद्धाची सिद्धता जून १७९० मध्ये पुण्यात झाली होती. पेशवे, निजाम आणि इंग्रज यांचा तिहेरी संघ जमवणारा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट नाना फडणीसांच्या दरबारी होता. बेंगळुरू पडले तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडला वेढा घालून बसले होते. त्या संघातील निजाम आणि मराठे हे एकमेकांचे जुने वैरी. चारच वर्षांनी, मार्च १७९५ मध्ये, खर्ड्याला दोघे परस्परांवर चालून गेले, तेव्हा निजामाने आपल्या इंग्रज मित्रांकडे पाहिले. गव्हर्नर जनरल सर जॉन शोर यांनी तटस्थता पत्करली, कारण दोन्ही पक्ष मित्र! खर्ड्याच्या विजयाचा आपल्याला अभिमान आहे, तो रास्तच आहे. पण त्या दिवशी इंग्रजांच्या मैत्रीचा अर्थ निजामाला कळला, तसा तो आपल्यालाही कळायला हवा होता. सात वर्षांनी, १८०२ च्या अखेरीस, वसईच्या तहावर पेशव्यांची सही झाली. जो धडा खर्ड्याला समोर मांडलेला होता, तो आपण शेजाऱ्याचा समजून वाचलाच नाही.

अरबस्तानातही शेवट वेगळा झाला नाही. इमामाची समजूत घालण्यासाठी १९१९ मध्ये निघालेले कर्नल हॅरोल्ड जेकब यांना बाजिल येथे एका टोळीने कित्येक महिने अडकवून ठेवले. आपला मुलूख इमामाला देऊन टाकतील, अशी त्या लोकांना भीती होती. इंग्रजांच्या शब्दाची किंमत तोवर एवढी उरली होती. होदेदा बंदर १९२१ मध्ये इद्रीसीला मिळाले. तो १९२३ मध्ये वारला आणि दोनच वर्षांत इमामाने ते बंदर घेतले. असीरचे उरलेले राज्य १९३० मध्ये इब्न सऊदने गिळले. हुसेनचा हेजाझही त्याच इब्न सऊदने १९२४–२५ मध्ये जिंकला आणि अरबांचा राजा म्हणवणारा हुसेन सायप्रसमध्ये निर्वासित झाला. लहेजचा अब्दुल करीम १९१८ च्या अखेरीस आपल्या गादीवर परतला खरा. पण त्याच्याच मुलाला, सुलतान अली याला, १९५८ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केले. ३० नोव्हेंबर १९६७ रोजी एडन स्वतंत्र झाले, तेव्हा लहेजचे संस्थान आणि सारे जुने करारनामे संपुष्टात आले होते. त्यानंतरही त्या भूमीला स्वास्थ्य लाभलेले नाही.

या शहरात जयचामराजेंद्रनगर भागात म्हैसूर लान्सर्सच्या वीरांचा एक स्मारकस्तंभ आहे. हे स्वार १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबई बंदरातून सुएझकडे निघाले आणि २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूरच्या स्वारांबरोबर त्यांनी हैफा शहर जिंकले. आपल्यापैकी अनेकांची त्या रस्त्याने रोजची ये-जा असते. तेथे जरा थांबून पाहावे, अशी माझी विनंती आहे. कैरो, दिल्ली आणि लंडन येथे कोणी कोणाला काय लिहून दिले आहे, हे त्या स्वारांना ठाऊक नव्हते. १०९ व्या पलटणीच्या त्या तहानलेल्या शिपायांनाही ते ठाऊक नव्हते. अंधारात कोणावर गोळी झाडली, हे त्यांना उजाडल्यावर कळले.

परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे सारे जीवन शब्दाच्या भरवशावर चालते. शेजाऱ्याचा शब्द, घरमालकाचा शब्द, आपण गावी मागे ठेवलेल्या वडीलधाऱ्यांना दिलेला शब्द. पन्नास वर्षे हे मंडळ टिकले, तेही कार्यकर्त्यांनी एकमेकांना दिलेले शब्द पाळले म्हणूनच. सरकारी सेवेत मी एक गोष्ट शिकलो आणि एडनच्या इतिहासाने ती पक्की केली: नवे वचन देण्यापूर्वी जुनी फाईल काढून पाहावी. आपल्याच घरातून, आपल्याच नावाने, दुसऱ्या कोणाला काय कबूल केले आहे, ते आधी वाचावे. लहेजच्या सुलतानाच्या बाबतीत ही तसदी कोणी घेतली नाही.